चुकांनी दिलेली साक्ष: इवेन यांच्या झिर्कोनोसिनचं प्रकरण

१९८८ साली जॉन इवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक आटोपशीर शोधनिबंध छापला. इवेन तेव्हा टेक्सासमधल्या डीअर पार्क इथे फिना ऑइल अँड केमिकल कंपनीत काम करत होते. निबंधात एका नव्या झिर्कोनोसिनची, म्हणजे कार्बनच्या दोन कड्यांमध्ये झिर्कोनियमचा अणू धरलेल्या संयुगाची, हकीकत होती. हे संयुग मिथाइलअल्युमिनोक्झेन या अल्युमिनियमच्या संयुगाच्या जोडीनं प्रॉपिलीनमध्ये सोडलं की स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन मिळत होतं. पॉलिप्रॉपिलीनचं कौतुक तोवर संपलेलं होतं. बादल्या, दोर, पोती, खुर्च्या असं सगळं त्याचं बनत होतं. नवल होतं ते कार्बन-१३ एनएमआरच्या आलेखात. या चाचणीत चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या कार्बन अणूंचे संकेत मिळतात, आणि संकेताची जागा (ती पीपीएममध्ये मोजतात) अणूच्या शेजारपाजाऱ्यांवरून ठरते. मिथाइल गटाचा मुख्य संकेत बाजारातल्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये २१.८ पीपीएमच्या आसपास येतो. इथे तो २०.३ च्या आसपास आला होता.

फरक दीड पीपीएमचा. पण त्या दीड पीपीएमचा अर्थ असा की हजारो मोनोमरच्या, म्हणजे एकाला एक जोडलेल्या प्रॉपिलीन रेणूंच्या, साखळीत जवळजवळ प्रत्येक मिथाइल गट आपल्या शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बसला होता, आणि तसा बसवण्याचं काम एका धातूच्या अणूभोवतीच्या दोन कड्यांनी केलं होतं. या प्रकरणाचा तपास मला रसायनशास्त्रातल्या सर्वात देखण्या तपासांपैकी एक वाटतो. याचं मुख्य कारण, त्यातला पुरावा. उत्प्रेरक काम करताना कोणी पाहिला नव्हता. साखळीत राहून गेलेल्या मोजक्या चुका मोजून तो कसा काम करतो ते ठरवलं गेलं.

मिथाइलची बाजू

प्रॉपिलीनच्या रेणूत तीन कार्बन असतात. दोघांमध्ये दुहेरी बंध, तिसरा मिथाइल गट म्हणून बाजूला लोंबतो. दुहेरी बंध उघडून रेणू एकमेकांना जोडले जातात तेव्हा साखळीतल्या एकाआड एक कार्बनवर मिथाइल येतो. साखळी ताणून नागमोडी धरली तर प्रत्येक मिथाइल एकतर आपल्याकडे तोंड करून असतो किंवा पलीकडे. सगळे एकाच बाजूला असले तर साखळी आयसोटॅक्टिक, आळीपाळीनं असले तर सिंडिओटॅक्टिक, कसेही असले तर अटॅक्टिक. एकदा बंध तयार झाला की साखळी कितीही पिळली, फिरवली तरी ही बाजू बदलत नाही. म्हणजे जे ठरायचं ते जोडणीच्या क्षणीच ठरतं.

रासायनिक सूत्र तिन्हींचं एकच. गुण मात्र एकमेकांना ओळख न देणारे. आयसोटॅक्टिक साखळ्या मळसूत्रासारख्या वळून नीट रचून बसतात, स्फटिक होतात आणि १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात. सिंडिओटॅक्टिकही स्फटिक होतं, पण खालच्या तापमानाला वितळतं आणि जास्त पारदर्शक असतं. अटॅक्टिक साखळ्यांना रचून बसताच येत नाही, त्यामुळे हाती येतो तो चिकट, मऊ गोळा.

हा फरक प्रथम हाती लागला तो मिलानमध्ये. ११ मार्च १९५४ रोजी तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये जुलिओ नाट्टा यांच्या गटानं प्रॉपिलीनचं पॉलिमर बनवलं. उत्प्रेरक जर्मनीतल्या म्यूलहाइमच्या कार्ल झिग्लर यांचा: टायटॅनियम टेट्राक्लोराइड आणि ट्रायइथाइल अल्युमिनियम. झिग्लर यांनी तो १९५३ मध्ये एथिलीनसाठी शोधला होता आणि एथिलीनला बाजू नसल्यामुळे हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नव्हता. नाट्टांच्या हाती आलेला माल दिसायला काही खास नव्हता. त्यांनी तो एकामागून एक उकळत्या द्रावकांत धुतला. आधी अ‍ॅसिटोन, मग ईथर, मग हेप्टेन. शेवटी कशातच न विरघळणारी पांढरी पूड उरली. क्ष-किरणांनी दाखवलं की ती स्फटिकी आहे, तिच्या साखळीत तीन मोनोमरमागे मळसूत्राचा एक फेरा पूर्ण होतो आणि तो फेरा साडेसहा आंगस्ट्रॉमचा आहे. पुढे जांभळं टायटॅनियम ट्रायक्लोराइड वापरल्यावर या पुडीचं प्रमाण खूप वाढलं. १९५७ मध्ये माँटेकातिनी कंपनीनं फेरारामध्ये उत्पादन सुरू केलं, १९६३ मध्ये झिग्लर आणि नाट्टांना नोबेल मिळालं. (अमेरिकेतल्या पेटंटचं भांडण मात्र १९८० च्या दशकापर्यंत चाललं, आणि ते शेवटी फिलिप्स पेट्रोलियमच्या होगन आणि बँक्स यांच्या बाजूनं लागलं. त्यांनी १९५१ मध्येच क्रोमियमच्या उत्प्रेरकावर स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन पाहिलं होतं.)

धुण्यातून निघालेला चिकट भाग कारखान्यांना बरीच वर्षं डोकेदुखी होता. तो वेगळा काढायला द्रावक लागे, द्रावक परत मिळवायला वाफ लागे, आणि उरलेल्या गोळ्याचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. त्याला पुढे गिऱ्हाईक मिळालं ते डांबराच्या धंद्यात. आपल्याकडे गच्चीची गळती थांबवायला टॉर्चनं तापवून जे काळं मेंब्रेन चिकटवतात, त्याला ठेकेदार एपीपी म्हणतात. ते एपीपी म्हणजे हेच, अटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन.

घन उत्प्रेरकाची अडचण

तीस वर्षं पॉलिप्रॉपिलीन टनावारी निघत होतं, पण उत्प्रेरक मिथाइलची बाजू कशी राखतो याचं उत्तर अंदाजावर होतं. टायटॅनियम ट्रायक्लोराइड घन. त्याच्या स्फटिकाच्या कडांवरचे थोडेच टायटॅनियम अणू काम करतात, आणि तेही सगळे सारखे नसतात. काही आयसोटॅक्टिक साखळी देतात, काही अटॅक्टिक. त्यांतला एकही वेगळा काढून तपासता येत नाही.

तरी चौकट तयार झाली होती. १९६४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या शेल प्रयोगशाळेतल्या पीटर कोसे यांनी मांडलं की धातूवर शेजारी शेजारी दोन जागा असतात. एका जागी वाढती साखळी, दुसरी रिकामी. रिकाम्या जागी प्रॉपिलीन येऊन टेकतं, साखळी सरकून त्याला जोडली जाते आणि तिची जुनी जागा रिकामी होते. पुढचं प्रॉपिलीन आता त्या जागी येणार. प्रत्येक जोडणीला जागांची अदलाबदल. टायटॅनियमच्या स्फटिकात या दोन जागा सारख्या नसतात, मग सगळे मिथाइल एकाच बाजूला कसे? कोसे आणि त्यांचे सहकारी आर्लमन यांचं उत्तर असं की साखळी दर वेळी उडी मारून मूळ जागी परत येत असावी. घन उत्प्रेरकावर हे तपासण्याचा मार्ग नव्हता. ही उडी लक्षात ठेवा.

विरघळणारा धातू

तपास पुढे सरकला तो रेणूची रचना नेमकी माहीत असलेल्या उत्प्रेरकांमुळे. पाच कार्बनच्या दोन कड्यांमध्ये धातूचा अणू धरून ठेवणारी मेटॅलोसिन संयुगं १९५० च्या दशकापासून माहीत होती. त्यांतली टायटॅनियमची संयुगं एथिलीनवर थोडंफार काम करत, प्रॉपिलीनपुढे हात टेकत. हॅम्बुर्ग विद्यापीठात हान्सयोर्ग सिन आणि वॉल्टर कामिन्स्की यांच्या गटाला १९७० च्या दशकात आढळलं की ट्रायमिथाइल अल्युमिनियममध्ये थोडं पाणी शिरलं की उत्प्रेरक मरण्याऐवजी उलट चेव येऊन काम करतो. या क्षेत्रात पाणी म्हणजे विष मानलेलं, त्यामुळे हे मान्य करायलाच धीर लागला असेल. पाणी आणि ट्रायमिथाइल अल्युमिनियम यांच्यापासून होणारं मिथाइलअल्युमिनोक्झेन त्यांनी वेगळं केलं आणि १९८० पासून ते झिर्कोनोसिनसोबत वापरलं जाऊ लागलं. आता प्रॉपिलीनही भराभर जोडलं जात होतं. मिळत मात्र होतं ते निखळ अटॅक्टिक. साध्या झिर्कोनोसिनची दोन्ही कडी सपाट, दोन्ही मोकळी फिरणारी. डावं-उजवं ठरवायला तिथे काहीच नाही.

कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या हान्स ब्रिन्ट्झिंगर यांनी दोन कड्यांना पूल बांधला. त्यांनी इंडेनाइल जातीची दोन जोडकडी दोन कार्बनच्या साखळीनं एकमेकांना जखडली, म्हणजे फिरणं बंद. असं संयुग बनवताना दोन प्रकार होतात. एकात दोन्ही जोडकड्यांची बाहेर आलेली टोकं धातूच्या विरुद्ध बाजूंना जातात. याला रेसिमिक प्रकार म्हणतात, आणि त्यात डावी व उजवी अशी एकमेकांची आरशातली रूपं समप्रमाणात असतात. दुसऱ्यात टोकं एकाच बाजूला येतात, तो मेसो.

इवेन तेव्हा टेक्सासच्याच बेटाउनमध्ये एक्सॉन कंपनीत होते. त्यांनी १९८४ च्या निबंधात दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यात ब्रिन्ट्झिंगर पद्धतीचं, पुलानं जखडलेलं टायटॅनियम संयुग होतं, रेसिमिक आणि मेसो दोन्ही मिसळलेलं. त्यातून आयसोटॅक्टिक आणि अटॅक्टिक पॉलिमरचं मिश्रण मिळालं. दुसऱ्यात पूल नसलेलं साधं टायटॅनोसिन होतं, ज्यात डावं-उजवं काही नाही. तेही खूप थंडीत, शून्याच्या बरंच खाली, बऱ्यापैकी आयसोटॅक्टिक साखळी देत होतं! उत्प्रेरकाला बाजूच नसेल तर साखळीला बाजू कुठून आली?

चुकांची मोजणी

उत्तर चुकांमध्ये होतं. एनएमआर वाचताना शेजारचे दोन मिथाइल एकाच बाजूला असले तर त्या जोडीला मेसो म्हणतात, विरुद्ध बाजूंना असले तर रेसिमो. (उत्प्रेरकाच्या मेसो आणि रेसिमिक प्रकारांशी ही नावं गल्लत करू नयेत.) आपण त्यांना म आणि र म्हणू. आयसोटॅक्टिक साखळी म्हणजे म-म-म-म…, सिंडिओटॅक्टिक म्हणजे र-र-र-र…. कार्बन-१३ एनएमआर एका मिथाइलच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन शेजारी ओळखू शकतो. म्हणजे पाच मोनोमरचा गट, चार अक्षरांचा शब्द. असे वेगळे शब्द दहा होतात, त्यांतले दोन एकाच जागी येतात, म्हणून नऊ संकेत.

समजा उत्प्रेरकाची भिंत, म्हणजे धातूभोवतीची कडी, बाजू राखते आहे. एखाद्या वेळी चूक झाली, एक मिथाइल उलटा बसला. पुढच्या वेळी भिंत तीच आहे, म्हणून पुढचा पुन्हा सुलटा बसतो. साखळीत दिसतं म-म-म-र-र-म-म-म. एका चुकीमागे दोन र, नेहमी जोडीनं. आता मोजून पाहा. उलट्या मिथाइलपासून दोन घरं दूर असलेले दोघं म-म-म-र असं वाचले जातात, लगतचे दोघं म-म-र-र, आणि खुद्द उलटा म-र-र-म. प्रमाण २:२:१.

आता समजा भिंतीला बाजू नाही, आणि नुकताच जोडला गेलेला मोनोमरच पुढच्याला आपल्यासारखा बसायला लावतो आहे. एकदा चूक झाली की पुढचा त्या चुकलेल्याचीच नक्कल करणार. साखळी आपली दुसऱ्या बाजूनं सुखात पुढे जाणार. म-म-म-र-म-म-म. एकटा र. म-म-र-र हा शब्द जवळपास नाहीच.

इवेन यांच्या दोन पॉलिमरमध्ये हे दोन वेगळे ठसे स्पष्ट उमटले होते. पुलाच्या संयुगाच्या आयसोटॅक्टिक साखळीत २:२:१, साध्या टायटॅनोसिनच्या साखळीत एकटे र. पहिल्यात नियंत्रण उत्प्रेरकाच्या जागेचं, दुसऱ्यात साखळीच्या टोकाचं. टोकाचं नियंत्रण दुबळं असतं, म्हणून ते थंडीतच टिकतं. जागेचं नियंत्रण बळकट. पुढल्याच वर्षी, १९८५ मध्ये, कामिन्स्की आणि ब्रिन्ट्झिंगर यांच्या गटांनी मिळून झिर्कोनियमच्या शुद्ध रेसिमिक संयुगानं हे दाखवलं: मेसो नसल्यामुळे अटॅक्टिक घाण नाही, आणि कामाचा वेग प्रचंड.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात की रेसिमिकमध्येही डावे-उजवे मिसळलेलेच आहेत, मग पॉलिमर शुद्ध कसं? डाव्या रूपातून सगळे मिथाइल एका बाजूला असलेली साखळी निघते, उजव्यातून सगळे दुसऱ्या बाजूला असलेली. पण लांबलचक साखळी टोकाकडून फिरवून पाहिली की दोन्हीत फरक उरत नाही. म्हणून औषधांच्या कारखान्यात जे डावं-उजवं वेगळं करायला जीव काढावा लागतो, ते इथे करावंच लागत नाही. मेसो मात्र काढून टाकावा लागतो, कारण त्यात बाजूच नाही.

दोन पावलं

कोसे यांची अदलाबदल आता नीट पाहता येते. ओल्या वाळूवर चालणारा माणूस घ्या. प्रत्येक जोडणी म्हणजे एक पाऊल, एकदा या पायाचं, एकदा त्या. त्यानं दोन्ही पायांत डाव्याच पायाचे जोडे घातले असतील तर सगळे ठसे सारखे उमटतील. रेसिमिक पुलाचं संयुग असं आहे: त्याला अर्धा फेरा फिरवला की ते स्वतःवरच बसतं, म्हणून त्याच्या दोन्ही जागा अगदी एकसारख्या, आणि साखळी कुठल्याही जागी असली तरी मिथाइलला एकच बाजू. साध्या झिर्कोनोसिनच्या दोन्ही पायांत नुसती पोती बांधलेली, ठशाला डावं-उजवं नाहीच. आणि एका पायात डावा, दुसऱ्यात उजवा असा नेहमीचा जोड असेल तर? ठसे आळीपाळीनं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. म्हणजे सिंडिओटॅक्टिक.

१९८८ चं संयुग नेमकं हे होतं. त्यात एका बाजूला लहान सायक्लोपेंटाडायइनाइल कडं, दुसऱ्या बाजूला तीन कडी एकत्र असलेलं रुंद फ्लोरेनाइल, आणि दोघांना जोडणारा एकाच कार्बनचा पूल. रेणूच्या मधून आरसा उभा केला तर डावा अर्धा उजव्याची प्रतिमा. तो आरसा दोन जागांच्या मधून जातो, म्हणून एक जागा दुसरीची आरशातली जोडीदार. झिर्कोनियमच्या त्या संयुगानं दिलेल्या पॉलिमरमध्ये र-र-र-र चा वाटा ८० टक्क्यांच्या वर होता.

शंका घ्यायला जागा होती. सिंडिओटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन नाट्टा आणि अडोल्फो झाम्बेली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकानं उणे ७८ अंशांना बनवलं होतं, आणि तिथे नियंत्रण साखळीच्या टोकाचं होतं. इवेन यांच्या संयुगातही तेच चाललं नसेल कशावरून? पुन्हा चुकांकडे जावं लागलं. टोकाचं नियंत्रण असतं तर चूक एकट्या म ची असती, र-र-म-र-र. इथे म जोडीनं सापडले: र-र-म-म-र-र. एक मिथाइल उलटा बसला आणि पुढचं सगळं पुन्हा मूळ तालात. म्हणजे बाजू जागाच ठरवते आहे, आणि साखळी खरोखरच दर वेळी जागा बदलते आहे. नाहीतर सलग र आलेच नसते. कोसे यांची अदलाबदल तोवर एक पटण्याजोगी कल्पना होती. आता तिला पॉलिमरमध्येच लिहिलेला पुरावा मिळाला.

एकटे म ही थोडे होतेच. ते कुठून आले? पाऊल न टाकता त्याच पायावर पुन्हा लंगडी घातली तर सलग दोन ठसे सारखे उमटतात आणि मग चाल पूर्ववत होते. प्रॉपिलीन यायला वेळ लागला तर साखळी वाट पाहता पाहता नुसतीच सरकून दुसऱ्या जागी जाते; पुढची जोडणी मग पुन्हा आधीच्याच बाजूनं होते. प्रॉपिलीनचं प्रमाण कमी केलं की हे एकटे म वाढतात, हेही याच्याशी जुळतं. एकाच आलेखात दोन जातीच्या चुका, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. माझ्या मते निबंधाचं खरं वजन त्या ८० टक्क्यांत नाही, या उरलेल्या थोड्या टक्क्यांत आहे.

भिंत मिथाइलला हात लावत नाही

इतकं वाचून असं वाटेल की उत्प्रेरकाची कडी येणाऱ्या प्रॉपिलीनच्या मिथाइलला ढकलून योग्य बाजूला बसवतात. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्याही तसंच सुचवतात. प्रत्यक्षात काम दोन टप्प्यांत होतं. कडी वाढत्या साखळीला ढकलतात, कारण साखळी मोठी आणि तिला मोकळी जागा हवी. ती एका बाजूला वळते. आणि येणारं प्रॉपिलीन आपला मिथाइल त्या साखळीच्या विरुद्ध बाजूला ठेवतं. साखळी इथे निरोप्याचं काम करते.

हे नेपल्समध्ये पाओलो कोरादिनी, गाएतानो गुएरा आणि सहकाऱ्यांनी आकडेमोडीनं दाखवलं. पण त्याहून पटणारा पुरावा झाम्बेली यांचा आहे. त्यांनी धातूवर साखळीऐवजी कार्बन-१३ नं खूण केलेला लहान गट ठेवला आणि पहिली जोडणी कशी होते ते पाहिलं. धातूवर नुसता मिथाइल असेल तर पहिलं प्रॉपिलीन कुठल्याही बाजूनं बसतं. भिंत तीच, उत्प्रेरक तोच, पण वळायला साखळी नाही म्हणून निरोपही नाही. इथाइल ठेवला तर लगेच एका बाजूकडे कल दिसतो. साखळीनं नीट रूप घेतलं की निवड पक्की. एका कार्बनच्या फरकानं हे ठरावं, याहून स्वच्छ प्रयोग मला आठवत नाही.

बाजारात काय झालं

फारसं काही नाही, असं सिंडिओटॅक्टिकपुरतं म्हणता येईल. ते पारदर्शक आणि चिवट, पण स्फटिक व्हायला फार वेळ घेतं, आणि साच्यातून दर काही सेकंदांना वस्तू काढणाऱ्याला हे परवडत नाही. आयसोटॅक्टिकची गोष्ट वेगळी. पहिली पुलाची संयुगं कारखान्याच्या तापमानाला कमी पडत होती. त्यांचं पॉलिमर १६५ च्या बरंच खाली वितळायचं. होएख्स्ट कंपनीत वॉल्टर श्पालेक यांच्या गटानं पूल सिलिकॉनचा केला, इंडेनाइलच्या दुसऱ्या जागी मिथाइल आणि चौथ्या जागी नॅफ्थाइलसारखा रुंद गट बसवला, आणि १९९४ मध्ये सुमारे १६१ अंशांना वितळणारं, ९९ टक्के म-म-म-म असलेलं पॉलिमर दाखवलं. मेटॅलोसिनचं पॉलिप्रॉपिलीन आज बाजारात आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही स्वामिनाथन शिवराम यांच्या गटानं मेटॅलोसिनवर बरीच वर्षं काम केलं.

तरी जगातलं बहुतेक पॉलिप्रॉपिलीन अजून टायटॅनियमच्याच घन उत्प्रेरकावर बनतं. फक्त तो टायटॅनियम आता मॅग्नेशियम क्लोराइडवर बसवलेला असतो आणि सोबत थॅलेट, डायईथर, सिलेन अशी दाता संयुगं असतात, जी अटॅक्टिक साखळी देणाऱ्या जागा निकामी करतात किंवा सुधारतात. त्यामुळे धुऊन चिकट भाग वेगळा करण्याची पायरीच कारखान्यातून गेली. स्वस्त, दणकट आणि अजूनही पूर्ण न उलगडलेला हा उत्प्रेरक मेटॅलोसिनच्या सगळ्या सुबक सिद्धान्ताला पुरून उरला आहे, याची गंमत वाटते.

सिद्धान्ताचा एक वेगळा उपयोग स्टॅनफर्डमध्ये झाला. जेफ्री कोट्स आणि रॉबर्ट वेमथ यांनी १९९५ मध्ये पूलच काढून टाकला आणि इंडेनाइलवर एक फिनाइल गट दिला. कडी पुन्हा फिरू लागली, पण अडखळत. इतकी सावकाश की एका अवस्थेत बऱ्याच जोडण्या उरकतात, आणि इतकी भरभर की साखळी पूर्ण होईपर्यंत अवस्था अनेकदा बदलते. साखळीत आयसोटॅक्टिक आणि अटॅक्टिक तुकडे एकाआड एक येतात, आणि निव्वळ प्रॉपिलीनपासून रबरासारखं ताणणारं पॉलिमर मिळतं.

एक मिथाइल, मग एक ब्यूटाइल

सिंडिओटॅक्टिक संयुगाची खरी परीक्षा त्याच्या भावंडांनी घेतली. लहान कड्याच्या तिसऱ्या स्थानी एक मिथाइल गट बसवला. त्यानं रेणूतला आरसा मोडतो. एक जागा पूर्वीसारखीच राहते, तिला बाजूची निवड आहे. दुसऱ्या जागी आता दोन्हीकडून सारखीच अडचण, म्हणून निवडच संपते. चालणाऱ्याच्या एका पायात डावा जोडा, दुसऱ्या पायात पोतं. अशी साखळी असेल तर एकाआड एक मिथाइल ठरलेल्या बाजूला, मधले कसेही. तिला हेमिआयसोटॅक्टिक म्हणतात.

ही साखळी नुसती पाहून अटॅक्टिकपासून वेगळी सांगता येईल का? मोजून येते. एका मधल्या मिथाइलचे दोन्ही शेजारी एकाच बाजूला असतात, म्हणून तो त्यांच्यासारखा बसला तर दोन म, उलटा बसला तर दोन र. अक्षरं नेहमी जोडीनंच येणार. एकटा म किंवा एकटा र कधीच येणार नाही. हिशोब मांडला की एकटा म किंवा एकटा र असलेले शब्द शून्य येतात, आणि बाकीचे म-म-म-म पासून म-र-र-म पर्यंत क्रमानं ३:२:१:४:३:२:१, एकूण सोळा. खऱ्या अटॅक्टिक साखळीत याच सोळांपैकी सहा भाग एकटा म किंवा एकटा र असलेल्या शब्दांचे असतात. इवेन यांच्या गटाला मिळालेल्या पॉलिमरच्या आलेखात ते संकेत जवळजवळ नाहीसे झाले होते. पावलांगणिक जागा बदलते याचा याहून भक्कम पुरावा मिळणं अवघड, कारण असा नमुना दुसऱ्या कुठल्या मार्गानं सहज येत नाही.

मग मिथाइलच्या जागी मोठा टर्शरी ब्यूटाइल गट दिला, आणि पॉलिमर आयसोटॅक्टिक झालं. तेच लहान कडं, तेच फ्लोरेनाइल, तोच पूल. एका कोपऱ्यावरच्या गटाचा आकार बदलत गेला तशी साखळी सिंडिओटॅक्टिकवरून हेमिआयसोटॅक्टिकवर आणि तिथून आयसोटॅक्टिकवर आली.

हे शेवटचं रूप कसं घडतं यावर एकमत लवकर झालं नाही. एक मत असं की ब्यूटाइलनं दुसऱ्या जागेची निवड उलटवली, दोन्ही पायांत डावे जोडे आले आणि साखळी अजूनही आळीपाळीनं जागा बदलते. दुसरं मत असं की ब्यूटाइलच्या शेजारी साखळीला थांबताच येत नाही. प्रत्येक जोडणीनंतर ती लगेच परत फिरते आणि सगळं काम एकाच जागेवरून होतं. हे दुसरं मत म्हणजे कोसे आणि आर्लमन यांची उडीच. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले जॉन बर्कॉ यांच्यासह अनेकांनी या दोन मार्गांचा पाठपुरावा केला. हत्यारं जुनीच होती: प्रॉपिलीन पातळ करायचं, म्हणजे साखळीला परत फिरायला जास्त वेळ मिळेल, तापमान बदलायचं, आणि आलेखातल्या चुका कुठल्या जातीच्या आहेत व कशा बदलतात ते पुन्हा मोजायचं.